जुन्या रिंगांचा हिशेब

पेट्रोल मोटारीचे इंजेक्टर साफ करून पुन्हा बसविताना त्यांच्या दोन्ही टोकांवरील रबरी ओ-रिंगा नव्या घालाव्यात, असा दंडक दुरुस्तीच्या पुस्तिकांतून घालून दिलेला असताही, ‘जुनीच अजून चांगली आहे’ म्हणून तीच रिंग परत चढविण्याचा शिरस्ता आपल्याकडील कित्येक गॅरेजांत बिनदिक्कत चालू आहे. मात्र त्याचा सारा दोष मिस्त्र्याच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही.

वरची रिंग फ्युएल रेलमधील सुमारे तीन बार दाबाचे पेट्रोल अडविते, तर खालची रिंग मॅनिफोल्डमध्ये आगंतुक हवा शिरू देत नाही. उष्णतेने कडक व चपटी झालेली खालची रिंग हवा सोडू लागली, तर इंजिन उभ्या जागी थरथरते, एवढ्यावरच भागते. वरचीने कसूर केली, तर पेट्रोल तापल्या इंजिनावर ठिबकते आणि गाडी पेट घेऊ शकते. शिवाय फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस आल्यामुळे, जुन्या गाडीत त्या मिश्रणास टिकणाऱ्या रबराचीच रिंग घालणे अगत्याचे झाले आहे.

नव्या रिंगेला इंजिन ऑइलचे बोट लावून, इंजेक्टर सरळ दाबून, रेल दोन्ही बाजूंनी समतोल खाली आणावी आणि बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत. एकाच बोल्टाने खेचून घेतलेली रेल तिरकी बसते व रिंग कापली जाते. बसविलेला इंजेक्टर हाताने किंचित फिरला पाहिजे. न फिरल्यास रिंग चेंगरल्याची शंका घ्यावी. त्यानंतर इंजिन सुरू न करता दोन-तीन वेळा नुसती चावी फिरवून पंपाला दाब भरू द्यावा आणि बॅटरीच्या उजेडात प्रत्येक सांधा न्याहाळावा. (डिझेलच्या कॉमन रेलची गोष्ट निराळी, तेथील दाब हजार बारच्याही वर जातो, व ते काम जाणत्याकडेच द्यावे.)

या तपासणीस फारसा वेळ लागत नाही. पण सीटांच्या आवरणांवर हजारो रुपये सढळ हाताने उधळणारा गृहस्थ बिलातील रिंगांच्या रकमेवर घासाघीस करतो, ‘संध्याकाळी गाडी हवीच’ असा तगादा लावतो, आणि मग मिस्त्रीही जुन्याच मालावर वेळ मारून नेतो. तेव्हा वाचकहो, रिंगांचे पैसे मुकाट्याने द्या, जुन्या रिंगा हातात मागून घ्या आणि गळतीची तपासणी समक्ष झाल्यावाचून गाडी ताब्यात घेऊ नका.