बेड्या आणि लेखणी

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर उभे राहिले, की स्वातंत्र्य हा शब्द आपोआप ओठांवर येतो. परंतु या नगरीचा पाया एकेकाळी गुलाम असलेल्या पुरुषाने घातला, हे किती जणांना ठाऊक असते? मलिक अंबर हा हबसाणातील मुलगा. बालपणीच तो विकला गेला आणि धन्यामागून धनी बदलत दख्खनेत आला. पुढे तो निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. १६१० च्या सुमारास त्याने वसवलेली खडकी तीच ही नगरी. इतिहास त्याचे पराक्रम सांगतो. बाजारात उभ्या केलेल्या त्या मुलाच्या मनातील आकांत सांगत नाही. ते काम साहित्याचे.

१८५२ मध्ये हॅरिएट बीचर स्टो या अमेरिकन लेखिकेची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यावरून नाटकेही झाली. ज्यांनी गुलामांचा बाजार कधी पाहिला नव्हता, त्यांनाही मायलेकरांच्या ताटातुटीचे दुःख जाणवले. १८६५ मध्ये अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांना महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला.

काही जण म्हणतात, "दास्य कायद्याने संपते, कथा-नाटकांनी नव्हे." हे अर्धेच खरे आहे. हिंदुस्थानात गुलामीची कायदेशीर मान्यता १८४३ मध्येच काढून घेण्यात आली होती. तरीही बारा वर्षांनी जोतीरावांना 'तृतीय रत्न' हे नाटक लिहावेसे वाटले. त्यातील शेतकरी जोडप्याच्या पायांत बेड्या नाहीत. बेड्या आहेत त्यांच्या अज्ञानाला. धर्माचे भय दाखवून जोशी त्यांना नाडतो. डोळे उघडल्यावर ती दोघे रात्रीच्या शाळेची वाट धरतात. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही. सत्य पुष्कळदा असेच दाराबाहेर उभे राहते.

मित्रांनो, कायदा बाजार बंद करतो. माणसाला वस्तू समजणारी दृष्टी मात्र साहित्य बदलते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. तरीही तुमच्याच वयाचा एखादा मुलगा हॉटेलात कपबश्या विसळताना दिसला, तर नुसते पुढे जाऊ नका. त्याचे नाव विचारा. तो शाळेत का नाही, हे आपल्या शिक्षकांना विचारा. जोतीरावांच्या नाटकाचा शेवट शाळेत होतो, हे विसरू नका.