लहानानेच का बाजूला व्हायचे?

आपल्या धाराशिवला समुद्र नाही. मग बोटी-जहाजांचे काय घेऊन बसलात, असे एखादी मैत्रीण विचारील. पण कळंब, वाशी, भूम, परांड्याच्या कितीतरी बायका दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. अंधारात उसाने भरलेली बैलगाडी कारखान्याकडे निघते, मागून भरधाव ट्रक येतो. अपघात झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘गाडीला मागे रिफ्लेक्टर होता का?’ ट्रक किती वेगात होता, हे कोणी विचारलेच तर नंतर. समुद्रावरही हेच चालते, म्हणून हे लिहिते आहे.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती. १५ माणसे गेली. मग चर्चा कशाची झाली? बोटीत परवानगीपेक्षा जास्त माणसे होती, प्रवाशांनी लाइफ जॅकेट घातले नव्हते. दोन्ही चुका खऱ्याच, त्या झाकायच्या नाहीत. जॅकेट सक्तीचे झाले तेही बरेच झाले. पण जॅकेटने बुडणारा तरंगतो, टक्कर टळत नाही. प्रवासी बोटींची इतकी वर्दळ असलेल्या पाण्यात अशी चाचणी घ्यायचीच कशाला, हा प्रश्न जॅकेटाच्या चर्चेत बुडून जाता कामा नये.

लहान बोटीने काळजी घ्यायची नाही, असे मी म्हणत नाही. भरलेल्या मालवाहू जहाजाला थांबायला काही किलोमीटर लागू शकतात. नाकासमोरचे शेकडो मीटर पाणी जहाज चालवणाऱ्याला दिसतही नाही. म्हणून त्याच्या पुढून घुसायचे नाही. जहाजांचा मार्ग ओलांडायचाच तर काटकोनात, झटपट ओलांडायचा. जहाज आपल्याला एकाच दिशेला दिसत राहिले आणि मोठे मोठे होत गेले, तर टक्कर होणार हे ओळखून वेळीच बाजूला व्हायचे. रात्री दिवे लावायचे, वायरलेसचा १६ नंबरचा चॅनेल चालू ठेवायचा. अनुभवी तांडेलांना हे सांगावे लागत नाही.

पण कायदा एवढ्यावर थांबत नाही. टक्कर टाळण्याचे १९७२ सालचे आंतरराष्ट्रीय नियम भारतानेही मान्य केले आहेत. अरुंद मार्गात २० मीटरपेक्षा लहान बोटीने मोठ्या जहाजाची वाट अडवू नये, असे ते सांगतात. त्याच नियमांत असेही आहे की, प्रत्येक जहाजाने सतत डोळ्यात तेल घालून पाहिले पाहिजे आणि सुरक्षित वेगानेच गेले पाहिजे. उघड्या समुद्रात जाळे टाकलेल्या बोटीपासून इंजिनावरच्या जहाजाने दूर राहायचे आहे. नियमांचे पहिले पान लहानाला वाचून दाखवायचे आणि बाकीची पाने मोठ्यासाठी मिटून ठेवायची, ही रीत आपल्या घराघरांतून आपल्याला चांगली माहीत आहे. ‘रात्री बाहेर कशाला गेलीस?’ हा त्यातलाच प्रश्न.

यात बाईचे काय होते? एप्रिल २०२१ मध्ये मंगळूरच्या समुद्रात मालवाहू जहाजाच्या धडकेने मासेमारी बोट बुडाली. १४ जणांपैकी दोघेच वाचले, आणि काहींचे देह मिळालेच नाहीत. देह नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर विमा नाही, वारसाहक्क नाही. सात वर्षे वार्ता नसेल तर माणूस मेला असे मानायचे, ही १८७२ च्या पुरावा कायद्यातली तरतूद १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. कुंकू ठेवायचे की पुसायचे, हे समाज तिला दुसऱ्या दिवसापासून विचारतो; सरकार मात्र सात वर्षे थांब म्हणते. तोवर पोरांनी खायचे काय? २०२१ मध्येच उत्तराखंडात चमोलीच्या पुरानंतर बेपत्ता माणसांचे दाखले सात वर्षे न थांबता देण्याची वाट केंद्राने काढली होती. म्हणजे मनात आणले तर जमते.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. कोळ्यांच्या मासेमारीच्या पाण्यात उद्या मोठी जहाजे येतील. तेव्हा मागण्या आत्ताच केल्या पाहिजेत. लहान बोटी जहाजांना दिसाव्यात म्हणून लागणाऱ्या यंत्रांचा खर्च बंदराने करावा. वेगाच्या चाचण्या प्रवासी मार्गांपासून दूर घ्याव्यात. समुद्रात बेपत्ता झालेल्यांच्या बायकांना लवकर दाखला मिळावा. आणि हे नियम ठरवणाऱ्या बैठकीत मासळी विकणारी कोळीणही बसलेली असावी.

मैत्रिणींनो, पुढच्या हंगामात गाडीला रिफ्लेक्टर जरूर लावा. पण पंचनाम्याच्या वेळी ट्रक किती वेगात होता, हेही विचारा. ते लिहून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.