मनाचा वैद्य आणि मातृभाषा

परप्रांतात सत्यनारायणासाठी मराठी भटजी हवा असला, तर आपल्या मंडळांकडे त्याचा पत्ता तत्काळ मिळतो. द्विध्रुवी विकाराने ग्रासलेल्या सभासदासाठी मराठी जाणणारा मानसोपचारतज्ज्ञ कोठे मिळेल, असे विचारले की सारे गप्प!

कधी उन्मादाची भरती, कधी अवसादाची ओहोटी असा हा आजार आहे. ‘मन रमवा, बदली मागा’ हा त्यावरील उपाय नव्हे. लिथियमचा गुण १९४९ सालीच दिसून आला. गोळीला भाषा लागत नाही, हे खरे. परंतु तिच्या जोडीला लागणारे समुपदेशन कचेरीतल्या इंग्रजीत कसे साधावे?

नोकरीचे भय पुष्कळांना अडवते. वास्तविक २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी नोकरास सामान्यतः काढता येत नाही. २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुण्याचा डॉक्टर गुवाहाटीच्या रुग्णाला सल्ला देऊ शकतो. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

मग मंडळांनी अशा तज्ज्ञांची यादी का ठेवू नये? नाटकाला वर्गणी मागताना आपण संकोचत नाही. येथेच संकोच कशाचा?