शिष्यवृत्तीची यादी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त भाचीच्या फोनचं. ती पुण्याला असते.

"आत्या, चिरंजीव आठवीत गेलेत. एनएमएमएसची तयारी कशी करून घेऊ? तू इतकी वर्षं मुलांना बसवतेस, तुझ्याकडे नोट्स असतीलच."

मी म्हटलं, "नोट्स देते, पण तुमचं उत्पन्न बसतं का त्यात?"

"दाखल्याचं काय, तो काढता येतो गं. सगळेच काढतात."

मी तिला काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती हे वाचणार आहे, आणि तिला विचारूनच लिहिते आहे. शेवटी ती हसून म्हणाली, "मग लिहून टाक ना सगळं, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल." तर ही घ्या तिचीच आज्ञा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजना, म्हणजेच एनएमएमएस, केंद्र सरकारने २००८ साली सुरू केली. देशात दरवर्षी एक लाख मुलांना ती मिळते, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ येतात. सरकारी, जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी परीक्षा असते. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीला ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना त्यात सवलत आहे). नववी ते बारावी अशी चार वर्षं पैसे मिळतात. आधी महिना ५०० होते, २०१७ पासून १,००० झाले, आजही तेवढेच आहेत. योजनेचा हेतू स्वच्छ लिहिलेला आहे: आठवीनंतर गरीब मुलांची शाळा सुटू नये.

म्हणजे ही हुशारीची शर्यत आहे खरी, पण शर्यत कोणासाठी भरवली आहे ते आधीच ठरलेलं आहे. ज्याची शाळा सुटायची भीती आहे, त्याच्यासाठी. आणि माझी तक्रार एवढीच आहे, की आपण सगळे मिळून या परीक्षेची तयारी अशी करून घेतो, की नेमका तोच मुलगा तयारीच्या बाहेर राहतो.

भाचीचा मुद्दा आधी निकालात काढते. ती म्हणते, "माझ्या मुलामुळे तुझ्या बीडच्या मुलांचं काय जातंय?" बरोबर आहे. निवड जिल्हावार होते, आमच्या मुलांचं काही जात नाही. पण पुण्यातही तुझ्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईची मुलगी आठवीतच आहे ना गं? जाईल ते तिचं जाईल. खोट्या दाखल्याने मिळालेले ४८,००० रुपये तुमच्या घरी चार वर्षांत कुठे गेले ते कळणारसुद्धा नाही. तिच्या घरी ते दर महिन्याला कळले असते.

पण दाखल्यापेक्षा मोठी चोरी शाळेत होते, आणि ती आम्ही शिक्षक करतो. ती अशी.

फॉर्म भरायची वेळ येते. आठवीत चाळीस मुलं असतात. त्यांतली समजा पंचवीस नियमात बसतात. शिक्षक बसून यादी करतात आणि आठ-दहा नावं काढतात. बाकीच्यांना "तुझं काम नाही" म्हणून सांगतात, किंवा सांगतही नाहीत. हे का, म्हणून मी एका तरुण मुख्याध्यापकांना विचारलं. भला माणूस आहे, मुलांसाठी झटतो. तो म्हणाला, "बाई, वरून टक्केवारी विचारतात. पंचवीस बसवले आणि तीन लागले तर बारा टक्के. दहा बसवले आणि तीन लागले तर तीस टक्के."

वाचा पुन्हा. लागणारी मुलं दोन्हीकडे तीनच आहेत. कुणाचंच काही वाढलं नाही, फक्त पंधरा मुलांना दार बंद झालं आणि कागदावरचा आकडा सुधारला. मग त्या तिघांचे फोटो घातलेला फ्लेक्स चौकात लागतो. त्यावर मुलांपेक्षा संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो मोठे असतात, ते जाऊ द्या.

आता कुणी म्हणेल, जागा मोजक्या आहेत, मागच्या बाकावरच्या मुलाला लागणार नाहीच, मग त्याला कशाला शिणवायचं? मी हा प्रश्न थट्टेवारी नेत नाही. पंचवीस मुलांची तयारी करून घेणं दहा मुलांपेक्षा अवघड आहे, आणि शिक्षकांच्या मागे शंभर कामं आहेत. पण हा मुलगा लागणार नाही हे कशावरून ठरवलं? वर्गातल्या उत्तरांवरून. आणि वर्गात तो उत्तर का देत नाही, हे कुणी पाहिलं?

मी निवृत्त झाल्यापासून सकाळी शाळेआधी तासभर या परीक्षेसाठी मुलं घेऊन बसते. माझा अनुभव सांगते. परीक्षेत दोन पेपर असतात. बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. शालेय चाचणीत विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०. पहिल्या पेपरात संख्यामालिका, सांकेतिक भाषा, दिशा, घड्याळ, आरशातली प्रतिमा असं सगळं. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा या बौद्धिक चाचणीत सारखा शून्याच्या आसपास असायचा. प्रश्न होता, "विसंगत घटक ओळखा." तो नुसता बघत राहायचा. मी म्हटलं, "अरे, ह्या चारांत येगळं कोन्तं?" त्याने ताबडतोब बोट ठेवलं. पुढचाही बरोबर, त्याच्या पुढचाही. त्या पोराला कोडं येत होतं, 'विसंगत' हा शब्द येत नव्हता. दिशेच्या प्रश्नाचंही तसंच. रानात अंधारात वाट न चुकणारं पोर 'ईशान्य' म्हटलं की अडतं.

तेव्हापासून माझी निम्मी तयारी शब्दांची असते. विसंगत, अनुक्रमे, क्रमशः, सहसंबंध, पद, घटक, गट... रोज पाच शब्द फळ्यावर लिहायचे आणि घरच्या बोलीत त्यांचा अर्थ मुलांनीच सांगायचा. त्यानंतर सातवी-आठवीची पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचायची. गाईडं मी शेवटच्या महिन्यात काढते, वेळ लावून उत्तरपत्रिकेवरची वर्तुळं रंगवायच्या सवयीसाठी. एका प्रश्नाला एक मिनिट, हे हाताला कळावं लागतं. यात क्लासवाल्यांच्या युक्त्या कुठेही नाहीत, आणि हे चाळीस मुलांना एकदम शिकवता येतं. ज्याला शिष्यवृत्ती लागत नाही त्यालाही वाचलेलं समजू लागतं. शिणवणं ते हेच असेल तर शाळा दुसरं काय करते?

आमच्या भागातली आणखी एक गोष्ट शहरातल्या मंडळींना ठाऊक नसेल. ही परीक्षा डिसेंबरात असते. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती मार्चच्या पुढे परततात. म्हणजे ज्याच्यासाठी ही योजना निघाली ते पोर परीक्षेच्या दिवशी कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत असतं. आणि शाळा यादीपुढे शेरा मारते, 'गैरहजर'. मुलांना मागे ठेवायला हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण कोणाला मागे ठेवायचं हे आईबापांशी ऑगस्टमध्येच बोलावं लागतं, मुकादमाची गाडी दारात उभी राहिल्यावर बोलून उपयोग नसतो. मी तर म्हणते, आमच्याकडे तयारीचा पहिला धडा हाच. मूल डिसेंबरात गावात असेल का, ते आधी बघा.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात लिहिते आहे, पण मला तसा अधिकार नाही. आता ते सांगते.

नोकरीत असताना मी सातवीच्या शिष्यवृत्तीचे तास घेत असे. १९८८ सालची गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर वेडंवाकडं, पण गणित तोंडी करायची. हंगामात चार महिने गायब असायची. मी यादी केली तेव्हा तिचं नाव घातलं नाही. कारण तेच, माझा निकाल त्या वेळी तालुक्यात नावाजला जायचा आणि मला तो पाडायचा नव्हता. ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी शाळेत आलीच नाही. लग्न झालं, कोयता झाला. (नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे कोयता म्हणतात. त्यावरून काय ते समजा.)

२०२४ च्या पावसाळ्यात एक बाई नातीला घेऊन माझ्या अंगणात आली. ओळख पटायला वेळ लागला. पन्नाशीही झाली नसेल, पण माझ्याहून थकलेली दिसत होती. म्हणाली, "बाई, ही माझ्या लेकीची लेक. तव्हा माझं नाव न्हवतं घेतलं तुमी. हिचं घ्या."

रागाने नाही म्हणाली हो. बाजारात भाव सांगावा तशी म्हणाली. छत्तीस वर्षं तिने ते लक्षात ठेवलं होतं, आणि मी समजत होते की माझा निकाल शंभर टक्के होता.

त्या वर्षी लेक-जावई तोडीला गेले आणि आजी नातीसाठी गावात राहिली. मुलगी रोज सकाळी यायची. डिसेंबरात परीक्षेला बसली. दोन्ही पेपरांत पात्र ठरली, पण निवड यादीत नाव आलं नाही. शाळेच्या हिशेबात ती नापासांत जमा. ती पुढे नववीत गेली, शाळा सुटली नाही. माझ्या हिशेबात हे जमेत आहे, पण महिना हजार रुपये मिळाले असते तर आजीला पुढच्या हंगामात घरच्यांशी भांडायला जोर आला असता, हेही तितकंच खरं. म्हणून शिष्यवृत्ती लागली नाही तरी चालतं, असं मी म्हणणार नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. शाळांना किती टक्के लागले हे विचारू नका, नियमात बसणारी मुलं किती आणि त्यांतली किती बसवली हे विचारा. उत्पन्नाचा दाखला, आधारवरचं नाव, बँकेतलं खातं ही कामं जुलैतच शाळेने हातात घ्यावीत. लागलेल्या मुलाचं दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. फ्लेक्स उतरल्यावर त्याची आठवण कुणाला राहत नाही आणि मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी बंद पडते, तेही शाळेनेच बघावं. आणि माझ्या वाचकांत जे शिक्षक आहेत, त्यांनी यंदा यादी करताना शेवटच्या बाकापासून सुरुवात करून पाहावी.

भाचीचा काल पुन्हा फोन आला होता. फॉर्म भरणार नाही म्हणाली. त्यांच्या कामवालीची मुलगी महापालिकेच्या शाळेत आठवीत आहे, तिला नोट्स हव्या आहेत. शब्दांची वही मी कुरियरने पाठवली आहे. असो.