वीज गेल्यावर उरलेली फाइल

भिवंडीत यंत्रमागाच्या छोट्या कारखान्याचा हिशेबही आता कॉम्प्युटरवर गेला आहे. कुणी किती मीटर कापड विणले, कुणी किती उचल घेतली, पगारातून किती कापायचे, सारे त्यातच. वीज मात्र वेळ बघून जात नाही. नोंद चालू असताना ती गेली, तर मशीन पुन्हा सुरू केल्यावर हिशेबाच्या फाइलशेजारी तिच्याच नावाची, पण शेवटी इंग्रजीत ‘जर्नल’ असे शेपूट असलेली दुसरी फाइल दिसू शकते. घरातला हुशार मुलगा म्हणतो, ‘अब्बा, हा कचरा आहे, काढून टाकतो.’ आमचे सांगणे आहे, त्याला थांबवा.

हिशेबाचे बरेच छोटे प्रोग्राम आणि मोबाइलमधली कितीतरी अॅप एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसवर चालतात. रिचर्ड हिप यांनी तो 2000 साली आणला. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, तो प्रोग्रामच्या पोटातच बसतो. त्यावर कुणाचा मालकी हक्क नाही, आणि इतर लोक जिथे कॉपीराइटची तंबी छापतात तिथे याच्या मूळ कोडमध्ये चक्क एक दुआ लिहिलेली आहे!

याची पद्धत जुन्या मुनीमजींसारखी आहे. पानावरचा आकडा खोडण्याआधी जुने पान जसेच्या तसे जर्नल फाइलमध्ये उतरवून ठेवायचे, मग मूळ फाइलमध्ये बदल करायचा, आणि काम पुरे झाले की जर्नल पुसायचे. ते पुसले गेले त्या क्षणी नोंद पक्की झाली. मध्येच वीज गेली तर जर्नल मागे उरते. पुढच्या वेळी फाइल उघडताना एसक्यूलाइट ते पाहतो, जुनी पाने जागेवर परत ठेवतो आणि अर्धवट नोंद मागे घेतो. तेच जर्नल तुम्ही आधी पुसले, तर अर्धी नवी आणि अर्धी जुनी पाने तशीच राहतात. फाइल बिघडते, आणि कधीकधी ते महिनाभर लक्षातही येत नाही. हिशेबाच्या फाइलचे नाव बदलले किंवा ती एकटीच पेनड्राइव्हवर नेली, तरी परिणाम तोच. दुसऱ्या फाइलचे जर्नल हिच्या नावाने ठेवणे त्याहून वाईट.

काही प्रोग्राम दुसरी पद्धत वापरतात. तिथे शेपूट ‘वॉल’ असते आणि गोष्ट उलटी: नव्या नोंदी त्या शेजारच्या फाइलमध्ये असतात, मूळ फाइल अजून जुनी असते. ती पुसली तर ताज्या नोंदीच गेल्या.

शून्य आकाराचे जर्नल दिसले तर घाबरू नका. काही प्रोग्राम ते रिकामे करून तसेच ठेवतात. आकार शून्य नसेल तर ते कामाचे की बिनकामाचे हे बाहेरून ओळखू नये. प्रोग्राम बंद करा, सगळ्या फाइल एकत्र दुसरीकडे कॉपी करा, मग मूळ जागी तोच प्रोग्राम उघडा. दुरुस्ती तो स्वतः करील. फोन ‘साफ’ करणाऱ्या अॅपच्या हाती मात्र हे काम देऊ नका.

आता खरी अडचण. समजा कारागिराला 2,000 रुपये उचल दिली आणि नोंद होताना वीज गेली. दुरुस्तीनंतर ती नोंद दिसणार नाही. रोकडीतून कमी आणि कारागिराच्या नावावर काहीच नाही, असे अर्धे सत्य उरू नये म्हणून ती पूर्ण मागे घेतली जाते. डेटाबेसच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण पैसे तर हातात गेलेले असतात! पगाराच्या दिवशी मालक आठवणीवर बोलणार, कारागीरही आठवणीवर. आणि पगार दिल्याची नोंद मागे गेली असेल, तर दिलेला पगार बाकी दिसणार.

सूरह अल-बकराची 282 वी आयत कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, आणि ती मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणारा न्यायाने लिहील आणि साक्षीदार असतील, हे तिथे सांगितले आहे. म्हणून उचलीची कागदी पावती, तारीख आणि दोघांच्या सह्यांसह, कॉम्प्युटरच्या आधी व्हावी. वीज आल्यावर त्या दिवसाच्या शेवटच्या चारपाच पावत्या कारागिरासमोरच पडद्यावरच्या नोंदींशी ताडून पाहा, आणि जी नोंद नसेल ती तिथेच भरा.