हॉकीसंघांतील आगम आणि आदेश

खेळाचा हंगाम संपला म्हणजे खेळाडू विश्रांति घेतात. प्रेक्षकाला मात्र विश्रांति नसते. सामने चालू असतांना तो निदान दुसऱ्यांचा खेळ पाहत असतो. सामने थांबले कीं त्याचा स्वतःचा खेळ सुरू होतो. एखाद्या पाठकोऱ्या कागदावर तो अकरा नांवें लिहितो, दोन खोडतो, तीन नवीं घालतो, आणि निवडसमितीला जें सुचलें नाहीं तें आपणांस सुचलें या समाधानांत झोपीं जातो. क्रिकेटच्या बाबतींत हा उद्योग आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं चालत असेल. आम्ही तो भारतीय महिला हॉकीसंघाच्या बाबतींत करितों, आणि गेल्या कांहीं वर्षांत आमचा कागदांचा खर्च बराच वाढला आहे.

याचें कारण उघड आहे. १९८० नंतर तब्बल ३६ वर्षांनीं, २०१६ सालीं, हा संघ रिओ येथें ऑलिंपिकमध्यें उतरला आणि बारा संघांत बारावा आला. पुढें २०२१ च्या ऑगस्टमध्यें टोकियोस त्यानें उपान्त्यपूर्व सामन्यांत ऑस्ट्रेलियाला १–० असें हरविलें आणि चौथें स्थान मिळविलें. ब्राँझपदक ग्रेट ब्रिटननें ४–३ असें हातचें नेलें. त्या दिवशीं रडणाऱ्या मुलींचीं छायाचित्रें पाहून ज्यांना हॉकीची काठी कोणत्या बाजूनें धरावी हेंहि ठाऊक नव्हतें त्यांचेहि डोळे ओले झाले होते. त्यानंतर २०२४ च्या जानेवारींत रांचीस जपाननें आपणांस ०–१ असें हरविलें आणि पॅरिसचें दार बंद झालें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत राजगीर येथें, पॅरिसचें रौप्यपदक जिंकून आलेल्या चीनला नमवून, आपण आशियाई चॅम्पियन्स करंडक घेतला. आतां बरे दिवस आले असें म्हणावें, तों २०२४–२५ च्या प्रो लीगमध्यें नऊ संघांत आपण शेवटचे, आणि म्हणून खालच्या वर्गांत. सप्टेंबर २०२५ मध्यें हांगझोऊस आशिया करंडकाच्या अंतिम सामन्यांत पहिल्याच मिनिटांत नवनीत कौरनें गोल केला, आणि सामना संपला तेव्हां फलकावर चीन ४, भारत १ असे आंकडे होते. जगज्जेतेपदाच्या स्पर्धेंत थेट प्रवेश मिळवून देणारी ती पायरी अशी निसटली.

अशा पराभवानंतर जे रिकामे महिने येतात त्यांत संघाचें भवितव्य ठरतें. मैदानावर नव्हे, तर शिबिराच्या यादींत. या यादीविषयीं आम्हांला कांहीं सांगावयाचें आहे, आणि तें आम्ही आमच्या संवयीप्रमाणें व्याकरणाच्या भाषेंत सांगतों.

संस्कृत शिकलेल्या वाचकांस आठवत असेल कीं, शब्दांत तीन तऱ्हांनीं फरक पडतो. आगम हा मित्रासारखा येतो. आहे त्याला न हलवितां तो शेजारीं बसतो. आदेश हा शत्रूसारखा येतो. आधीं असलेल्याला उठवून तो त्याची जागा घेतो. लोप म्हणजे जें होतें तें दिसेनासें होणें. संघाच्या यादींतहि याहून चौथा प्रकार नाहीं. आमची तक्रार एवढीच आहे कीं, पराभव झाला म्हणजे आपल्याकडे सर्वांना प्रथम आदेशच सुचतो. टोकियोनंतर शोर्ड मरिन हे डच प्रशिक्षक गेले. त्यांच्या जागीं यानेके शॉपमन आल्या. रांचीच्या पराभवानंतर त्यांनीं राजीनामा दिला. हरेंद्र सिंग आले. २०२५ च्या डिसेंबरांत तेहि गेले, आणि २०२६ च्या जानेवारींत पुन्हा मरिन यांनाच बोलाविण्यांत आलें. म्हणजे पांच वर्षांच्या आंत आपण जेथून निघालों तेथेंच परत आलों. मरिन यांच्याविषयीं आम्हांला आदरच आहे. परंतु जो शब्द पुन्हा मूळ रूपांतच लिहावयाचा होता, तो मध्यंतरीं दोनदां खोडून काय साधलें, हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. प्रत्येक नवा प्रशिक्षक नव्या पद्धतीनें धांवावयास सांगतो, आणि मुली ती पद्धत अंगवळणीं पाडतात न पाडतात तोंच तो निघून जातो. शाळेंत वर्षाच्या मध्यें तीनदां गणिताचा शिक्षक बदलला तर त्या वर्गाचा निकाल कसा लागतो हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे.

याच्या उलट टोकियोचा संघ कसा बनला तें पाहा. रिओहून बाराव्या क्रमांकानें परतलेल्या मुलींना त्या वेळीं घरीं बसविणें सोपें होतें, आणि तशी मागणी करणारेहि थोडे नव्हते. पण पांच वर्षांनीं टोकियोसाठीं निवडलेल्या १६ जणींच्या यादींत ८ जणी रिओच्याच होत्या: राणी रामपाल, गोलरक्षक सविता, वंदना कटारिया, रिओची कर्णधार सुशीला चानू, दीप ग्रेस एक्का, मोनिका, निक्की प्रधान आणि नवज्योत कौर. उरलेल्या आठ जणी प्रथमच ऑलिंपिकला चालल्या होत्या. अर्ध्या जणींना हरण्याचा पुरता अनुभव आणि अर्ध्यांना त्याची भीति नाहीं, असें तें मिश्रण होतें. पहिले तीन सामने हरूनहि तो संघ मोडला नाहीं, त्याचें श्रेय आम्ही या मिश्रणाला देतों. ज्यांनीं रिओमध्यें त्याहून वाईट दिवस पाहिले होते त्यांना तीन पराभवांचें काय वाटणार!

आतां लोप तर होणारच. राणीनें २०२४ च्या ऑक्टोबरांत खेळ सोडला. वंदनेनें ३२० सामने आणि १५८ गोल एवढी कमाई करून २०२५ च्या एप्रिलमध्यें निरोप घेतला. काळाच्या ओघांत जाणारें कोणाला अडवितां येत नाहीं. परंतु जेथें दोन आघाडीच्या खेळाडू वयानें गेल्या तेथें आणखी चार जणींना आपण होऊन काढूं नये, एवढी आमची आशा आहे. प्रो लीगमधील २०२५ च्या जूनचे सामने ज्यांनीं बारकाईनें पाहिले असतील त्यांच्या ध्यानांत आलें असेल कीं, ऑस्ट्रेलिया, बेल्जियम, चीन यांच्याशीं कित्येक सामने आपण केवळ एका गोलानें गमावले. एका गोलानें हरणारा संघ पाडून नव्यानें बांधावयाचा नसतो. तो एक गोल कोठून आणावयाचा हें पाहावयाचें असतें.

तो कोठून येईल याबद्दल आम्हांला शंका नाहीं: पेनल्टी कॉर्नरवरून. ज्या वाचकांस हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. गोलासमोरच्या सोळा यार्डांच्या वर्तुळखंडांत बचाव करणाऱ्यांकडून चूक झाली म्हणजे आक्रमकांना हा अधिकार मिळतो. बचावाच्या पांचच जणी, गोलरक्षकासह, गोलरेषेमागें उभ्या राहतात. बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे पिटाळलें जातें. एक खेळाडू मागच्या रेषेवरून चेंडू बाहेर ढकलते, दुसरी तो वर्तुळाबाहेर अडविते, आणि तिसरी गोलावर मारते. यांत मौज अशी कीं, तिनें पहिलाच फटका सरळ टोला देऊन मारला तर चेंडू गोलांत शिरतांना गोलाच्या मागच्या फळीच्या, म्हणजे अठरा इंचांच्या, वर असतां कामा नये. पण टोला न देतां चेंडू काठीला चिकटवून ओढीत आणून झुगारला तर तो कितीहि उंच गेलेला चालतो. हीच ती ड्रॅगफ्लिक. ती साधण्यास वर्षानुवर्षें घालवावीं लागतात, पाठीला आणि कमरेला तिचा ताण सोसावा लागतो, आणि म्हणून ती येणाऱ्या मुली फार थोड्या.

टोकियोस ऑस्ट्रेलियावर झालेला तो एकमेव गोल गुरजित कौरनें पेनल्टी कॉर्नरवरच केला होता. रांचीस जपानचा एकमेव गोलहि पेनल्टी कॉर्नरवरच झाला. आपल्याला मिळालेले सारे कॉर्नर वाया गेले. एकाच किल्लीनें आपलें दार एकदां उघडलें आणि एकदां बंद झालें. राजगीरला ११ गोल करून जी पहिली आली, जिच्या गोलावर अंतिम सामना जिंकला, ती दीपिका हांगझोऊस दुखापतीमुळें नव्हती, सविताहि नव्हती. परिणाम वर सांगितलाच आहे. हा दोष दीपिकेचा नव्हे. तिच्या मागें दुसरी कोणी तयार नव्हती, हा दोष आहे. हरियाणा, झारखंड, ओडिशा येथील कनिष्ठ गटांतून चौदा-पंधरा वर्षांच्या चार मुली याच एका कामासाठीं निवडाव्या, आणि त्यांना सामने जिंकून देण्याची घाई न करितां तीन-चार वर्षें शिकूं द्यावें. हा खरा आगम. यानें कोणाची जागा जात नाहीं.

या कलेची किंमत बाजारानें ओळखली आहे. महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगसाठीं २०२४ मध्यें जो लिलाव झाला त्यांत नेदरलँड्सच्या यिब्बी यान्सेनला ओडिशा वॉरियर्सनें २९ लाखांना घेतलें. पॅरिसला सर्वांत जास्त, म्हणजे ९, गोल तिचेच होते. (माणसांचा लिलाव हा शब्द आमच्या कानाला अजून बोचतो, पण ज्या उदिताला याच लिलांवांत सर्वांत अधिक, ३२ लाख, मिळाले तिला तो बोचला असेल असें वाटत नाहीं, आणि बोचूंहि नये.) गंमत अशी कीं, २६ जानेवारी २०२५ रोजीं रांचीस जो अंतिम सामना झाला त्यांत ओडिशानें सूरमा संघाला २–१ असें हरविलें, तेव्हां ते दोनहि गोल यान्सेनचे नव्हते, तर महाराष्ट्राच्या ऋतुजा पिसाळचे होते. त्या रात्रीं आम्हांला किती आनंद झाला तें येथें लिहीत नाहीं. शेजाऱ्यांना ठाऊक आहे.

महाराष्ट्रांत हॉकी म्हटली कीं लोकांना खडकी आणि धनराज पिल्ले एवढेंच आठवतें. परंतु सातारा जिल्ह्यांतील फलटण तालुक्यांत आसू नांवाचें गांव आहे. तेथील शेतकऱ्याची मुलगी वैष्णवी फाळके भारताकडून खेळली, आणि २०२३ मध्यें हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत ब्राँझपदक मिळविणाऱ्या संघांत होती. राणीचे वडील शाहाबादला गाडी ओढीत. सलीमा टेटे सिमडेगाकडच्या खेड्यांतून आली. आमच्यासारख्यांच्या घरांतून या संघांत कोणी जात नाहीं, ही गोष्टहि जातां जातां नमूद करावयास हरकत नाहीं. आपण खुर्चीवर बसून ज्यांचीं नांवें खोडतों त्यांतील अनेकींच्या घरची चूल हॉकीनें मिळवून दिलेल्या रेल्वेच्या किंवा दुसऱ्या एखाद्या सरकारी नोकरीवर पेटते. यादींतून एक नांव गळलें म्हणजे त्या गांवांतल्या दहा मुलींच्या बापांना ‘पाहिलें ना!’ असें म्हणण्यास निमित्त मिळतें.

आतां गोलरक्षकाविषयीं, कारण तेथें आम्ही फार अस्वस्थ आहों. सवितानें २०२५ च्या फेब्रुवारींत आपला ३०० वा सामना खेळला. दहा-बारा वर्षें एकच मुलगी गोलांत उभी असली म्हणजे तिच्यामागें असलेलीला सोपे सामने तेवढे मिळतात, आणि कठीण सामना एके दिवशीं एकदम अंगावर येतो. तेव्हां सविता संघांत असतांनाच, तिच्या देखत, दुसरीला नेदरलँड्स आणि अर्जेंटिना यांच्याविरुद्ध उभें करावें. चार गोल झाले तर होऊं द्यावे, आणि सायंकाळीं दोघींना एकत्र बसवून ते चारहि गोल पुन्हा पाहावयास सांगावें. २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या आधीं अशा पंधरा-वीस सायंकाळी तिला मिळाल्या तर आम्हांला पुरे आहे.