नर्सिंगच्या मुलींनो, मोबाइलवर जर्मन शिका

जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंगला जाणाऱ्या मुली आता आपल्या वस्त्यांत बऱ्याच आहेत. आईबाप पोटाला चिमटा काढून त्यांना शिकवतात. पुढे खाजगी इस्पितळात लांबलचक पाळ्या आणि हातात तुटपुंजा पगार. या मुलींना आणि त्यांच्या भावंडांनाही आमचे सांगणे आहे की, हातातल्या मोबाइलवर जर्मन भाषा शिकायला लागा. जर्मनीत म्हातारी माणसे वाढली आहेत आणि त्यांची शुश्रूषा करणारे हात कमी पडत आहेत. केरळच्या परिचारिका या वाटेने केव्हाच निघाल्या.

परदेशी भाषा आपल्याला कशी जमणार, असे घरची माणसे म्हणतात. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या मेहनतीने मिळवलेच, जर्मनही शिकले आणि १९२१ साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव घातले. मोबाइलमधला मास्तर तर जात विचारतच नाही.

शिवाय मराठी येणाऱ्याला जर्मन वाटते तेवढी परकी नाही. इंग्रजी माणूस तिथल्या तीन लिंगांपुढे हात टेकतो. आपल्याला ‘तो, ती, ते’ आईच्या कडेवरच येते. जर्मनमध्ये ते ‘देअर, डी, दास’. मात्र तिथे चंद्र ‘तो’ असला तरी सूर्य ‘ती’ आहे आणि मुलगी चक्क ‘ते’! (आपणही ‘ते पोरगं’ म्हणतोच की.) गौण वाक्यातले क्रियापद शेवटी जाते, तेही मराठीसारखेच. म्हणून शब्द लिंगासकट वहीत मराठीत लिहून काढावा.

ड्युओलिंगो हे अ‍ॅप २०१२ मध्ये सर्वांना खुले झाले. ते काढणाऱ्या दोघांपैकी लुईस फॉन आन हे ग्वाटेमालाचे. चांगले शिक्षण पैसेवाल्यालाच मिळते हे त्यांनी तिथे पाहिले होते, म्हणून धडे फुकट ठेवले. मध्ये जाहिराती येतात, त्या सोसाव्यात. पडद्यावर हिरवे घुबड दिसेल. घुबडाला अशुभ मानणे आपण केव्हाच सोडले आहे. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोस वेग’ ही चित्रमालिकाही फुकट आहे. जर्मनीत आलेल्या निको नावाच्या तरुणाची गोष्ट बघता बघता ए-१ पासून बी-१ पर्यंतचे धडे होतात.

रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसावे, आणि मोठ्याने बोलावे. एका खोलीच्या घरात लाज वाटते, भाऊ हसतो. त्यालाही शेजारी बसवावे. घरात मोबाइल एकच असेल तर आईबापांनी संध्याकाळची ती वीस मिनिटे मुलांची म्हणून राखून ठेवावीत.

एवढे मात्र खरे की, नुसत्या अ‍ॅपवर नोकरी मिळत नाही. तिथे परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळायला साधारणपणे बी-२ पातळी लागते. त्यासाठी पुढे वर्गात बसावेच लागते, समोरासमोर बोलावे लागते. पण अ‍ॅपवर दोन-तीन महिने टिकलेल्या मुलीला ही भाषा आपल्याला झेपते का, हे फी भरण्याआधीच कळते. ‘भाषा नको, दोन लाख द्या, जर्मनीला पाठवतो’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवावे. परीक्षा मुंबई आणि पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवनात होतात. शुल्क हजारांत असते, तेव्हा सरावाचे पेपर घरी सोडवून पाहिल्याशिवाय फॉर्म भरू नये.